पंखवाल्या घोड्याचा खेळ

आयुष्यातली सहा वर्षं मी अंधारात उभं राहून बोलण्याची नोकरी केली. डाव्या हाताला पडदा, उजव्या हाताला पेटी-तबलेवाले, समोर खचाखच माणसं. पडद्यावरचे लोक नुसती तोंडं हलवत. त्यांच्या वतीनं रडायचं, ओरडायचं, लग्न ठरवायचं आणि मोडायचं, हे सगळं मी करायचं. बोलपट आमच्या भागात पोचण्याआधीची ही गोष्ट. आजच्या पोरांना सांगितली तर ती माझ्याकडे संशयानं बघतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. त्या दिवसांत मीही सगळ्यांकडे तसाच बघत असे.

या कामाला धड नाव नव्हतं. मालक ओळख करून देताना 'हा आमचा बोलणारा' म्हणायचे. लोक मास्तर म्हणत. मी कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. शिकलो मात्र उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात शिकायचं तर उर्दूतच, आणि तेवढ्या भांडवलावर ही नोकरी मिळाली. मूकपटात मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. इंग्रजी, गुजराती, हिंदी, उर्दू अशा एकाखाली एक. मराठी कधी असे, कधी नसे. पाटी पडद्यावर चार श्वास टिके. तेवढ्यात उर्दू वाचायची, मनात मराठी करायची आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात सोडून द्यायची. पाटीवर 'प्रिये' एवढंच असलं तरी मी चांगली दोन वाक्यं बोलायचो. एकच शब्द सांगितला तर लोकांना वाटे, नट एवढा वेळ बोलतोय आणि बाकीचं मास्तरनं खाल्लं.

आणि संशय घ्यायला आमचे लोक कुणाला हार जाणारे नव्हते. बदनापूरच्या एका शेतकऱ्यानं एकदा भर खेळात उठून मला जाब विचारला होता. मागच्या आठवड्यात ज्या दरोडेखोराला कड्यावरून ढकललेलं त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, तोच आज राजपुत्र होऊन हिंडत होता. "येक तर त्या टायमाला तुमी खोटं बोलले, न्हाईतर आज बोलून राह्यले," तो म्हणाला. मी सांगितलं की हा त्याचा जुळा भाऊ आहे. तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. माझंही झालं नसतं.

आमचे खेळ जालन्यात कापसाच्या एका गोदामात चालत. हंगाम संपला की गोदाम मोकळं होई. खिडक्यांना पोती ठोकली की भर दुपारी आत मिट्ट काळोख. बाहेर मोटारीचं इंजिन धडधडत दिवा पेटता ठेवी आणि आत रहीमभाई हातानं यंत्राची मूठ फिरवत. रहीमभाई कमी बोलत आणि जे बोलत ते बहुधा निराशेचं असे. सरकीचा वास मात्र बारा महिने जात नसे.

एका उन्हाळ्यात मुंबईहून पंखवाल्या घोड्याचा खेळ येणार अशी बातमी आली. त्याचं नाव लांबलचक होतं आणि चारही भाषांत वेगवेगळं होतं. आमच्यात तो घोड्याचाच खेळ. आधी जाहिरातीची रंगीत चित्रं आली. एकच पंख असलेला पांढरा घोडा, आंधळा राजा, हातात दिवा घेतलेली मुलगी, आणि तळाशी धुक्यातून चाललेली माणसांची न संपणारी रांग. खाली छापलं होतं की या खेळात मृत्यूच्या मुलखाचं दर्शन घडेल. त्यातलं एक चित्र मी घरी नेऊन भिंतीला लावलं. खोटं कशाला बोलू, मला त्या खेळाची ओढ लागली होती. तोवर आम्ही मारामाऱ्या आणि राक्षस दाखवत आलो होतो. आता काहीतरी मोठं येतंय आणि मलाही मोठं काही बोलायला मिळेल, असं वाटत होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी बैलगाडीत बसून, हलगी वाजवत दवंडी दिली. शब्द माझेच होते: "मेलेली माणसं डोळ्यांनी बघा!" उत्साहाच्या भरात आम्ही गाडी पार बदनापूरपर्यंत नेली.

रिळांच्या पेटीत एक पुस्तिका होती. तीत लिहिलं होतं की घोडा म्हणजे मानवी मन. त्याचा गळालेला पंख म्हणजे श्रद्धा. आंधळा राजा म्हणजे सत्ता. मुलीच्या हातातला दिवा म्हणजे विवेक, आणि तो शेवटी विझतो त्याचा अर्थ असा की... तिथे पान फाटलेलं होतं. मी पुस्तिका तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा माझ्या मनात एकच शंका आली, की मन आणि श्रद्धा यांच्याबद्दल ओरडून कसं सांगायचं? पण आम्हाला खेळ आधी बघायला मिळत नसे. पेटी आगगाडीतून उतरली की त्याच दुपारी पहिला खेळ. पहिल्या दिवशी प्रेक्षक जेवढा अजाण, तेवढाच मी.

पहिल्या रिळातच माझी फजिती सुरू झाली. घोडा डोंगरावर उभा होता. मी म्हटलं, "आता उडतो, बघा!" तो उडाला नाही. त्यानं मान वळवून मागे बघितलं आणि बघतच राहिला. मुलगी दिवा घेऊन एका दारातून आत गेली. मी म्हटलं, "आली बघा दुसऱ्या मुलखात!" ती परत बाहेर आली. "मास्तर, दार तेच हाय!" मागून कुणीतरी ओरडलं. मग काटे नसलेलं एक घड्याळ आलं आणि ते जाईचना. त्या घड्याळावर मी किती बोलणार? मी म्हणालो, "वेळ वाईट आहे." ते वाक्य मला तरी खरं वाटलं.

एवढ्यात मालक अंधारातून माझ्या कानाशी आले. पुढच्या रिळात आंधळा राजा यायचा होता. "मास्तर, राजा म्हणू नका हो! आपल्या राज्यात राजा आंधळा आहे असं कुणी जाऊन सांगितलं तर? परवाना जाईल, आपण आत जाऊ." मी विचारलं, "मग काय म्हणू?" ते म्हणाले, "व्यापारी म्हणा." त्यामुळे डोक्यावर मुकुट आणि दोन बाजूंना भालदार असलेला एक आंधळा व्यापारी आमच्या खेळात वावरू लागला. तो सिंहासनावर का बसतो, असं समोरच्या रांगेतल्या एकानं विचारलं. मी सांगितलं, दुकान मोठं आहे.

त्या खेळात घोडा घोडा नव्हता, दार दार नव्हतं आणि दिवाही दिवा नव्हता. प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच कशासाठी तरी उभी होती, आणि ते दुसरं काही केल्या पडद्यावर येत नव्हतं. बनवणाऱ्यानं जिवापाड कष्ट घेतले होते हे दिसत होतं. डोंगर काय, महाल काय, धूर काय! मला राग आला तो त्यामुळेच. रद्दी खेळ मी ढिगानं बोलून काढले होते, पण त्यांनी मला कधी आशा लावली नव्हती. या माणसानं लावली आणि मग मला त्या घड्याळापाशी एकट्याला सोडून दिलं.

पाचव्या रिळात मृत्यूचा मुलूख आला. धुरातून पांढऱ्या वस्त्रातल्या बाया एकामागून एक चाललेल्या. डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेले, एकीचंही तोंड दिसत नव्हतं. पाटी एकही नाही. लोक चुळबुळू लागले, पेटीवाला माझ्याकडे बघू लागला. बोलणाऱ्याला गप्प राहून चालत नाही. मी जे सुचलं ते ठोकून दिलं: "ही मेलेली माणसं! ज्याचं कुणी गेलं असेल त्यानं नीट बघावं. ओळखीचं दिसेल!" गोदाम एकदम शांत झालं. खेळ वाचला, असं मी मनात म्हटलं आणि पुढच्या रिळाकडे वळलो.

पहिल्याच दिवशी, अगदी पुढे, जमिनीवर बसणाऱ्यांत, एक म्हातारा धनगर माझ्या नजरेत भरला होता. खांद्यावर घोंगडी, पांढरं मुंडासं. सगळे घोड्याकडे बघत तेव्हा तो खाली बघे, आणि पाचवं रीळ लागलं तसा गुडघ्यांवर उठून पडद्याच्या तळाकडे टक लावून राहिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तोच खेळ माणूस दुसऱ्यांदा कशाला बघेल? तोही हा? पाचव्या रिळात तो चक्क उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, ह्या बाया पदर कवा काढत्यात?"

माझ्या मनात लगेच आलं, याला कुणीतरी खेळ मोडायला पाठवलाय. अशा माणसाला गार करायची एकच रीत मला माहीत होती. मी म्हणालो, "बाबा, या वयात दुसऱ्यांच्या बायकांचे पदर कशाला काढायला निघालात?" गोदाम हसण्यानं दणाणलं. तबलेवाल्यानं वर एक थाप मारली. म्हातारा थोडा वेळ उभाच होता, मग बसला. हजरजबाबीपणाची मला तेव्हा फार घमेंड होती. आता ते वाक्य आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी तो खेळ संपल्यावर थांबला. लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सहाच बाया हैत."

"काय?"

"सहाच. बराबर मोजल्या." आणि तो निघून गेला.

मी हे मालकांना सांगितलं. "खुफिया आहे," ते म्हणाले. त्या काळी आमच्याकडे चार माणसं जमली की त्यात एक सरकारचा कान असतो असं धरून चालत. "व्यापाऱ्याचं ओळखलं त्यानं. सहा म्हणजे काहीतरी खूण असणार. मास्तर, तुम्ही त्या बायांबद्दल काय काय बोललात?" मला आठवेना. मी दिवसाकाठी इतकं बोलत असे की त्यातलं घरी काही नेत नसे.

रहीमभाई रीळ गुंडाळत होते. ते म्हणाले, "हौ, पर छे हैं के नै, वो तो देखो पहले." त्यांनी पाचवं रीळ बाहेर उन्हात आणलं आणि पट्टी सूर्याकडे धरून आम्ही दोघं एकेक चित्र बघत सुटलो. एका बाईच्या वस्त्राचा काठ फाटलेला होता. ती धुरात गेली, आणि पाच बायांनंतर तीच दुसऱ्या बाजूनं पुन्हा आली. मग पुन्हा. मृत्यूचा अख्खा मुलूख सहा बायांनी चालवला होता. पडद्याबाहेर गेलं की मागून पळत येऊन रांगेत शिरायचं, एवढंच. ज्या रांगेसाठी मी चित्र भिंतीला लावलं होतं ती ही. "मियाँ, अपने जालनेमें इत्ती औरतां तो पानी भरने जातीं," रहीमभाई म्हणाले. तीन दिवस मी पडद्याच्या कडेला उभा होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या म्हाताऱ्याला चालत्या चित्रात दिसलं. त्यामुळे तो साधा माणूस नाही अशी माझी खात्रीच झाली.

मालकांनी मला फुकट प्रवेशाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि त्याला गाठून गोड बोलायला सांगितलं. तो कुंडलिका नदीच्या पलीकडे एका शेतात सापडला. पावसाआधी शेतकरी धनगरांना बोलावून रानात मेंढ्या बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. तसा त्याचा मुक्काम होता. नाव बिराजी. हिवाळाभर शहागडकडे, गोदावरीच्या काठानं चारून तो कळप घेऊन जाफराबादकडे घरी परत चालला होता. खुफिया माणूस मेंढ्या तरी कुठून आणेल, असं मनात आलं. तरी मी सावधच होतो.

"रामराम बाबा."

"रामराम. बसा." त्यानं घोंगडी झटकून पुढे केली. कालपरवाचं काही त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं.

मी चिठ्ठ्या दिल्या. "मालकांनी पाठवल्यात. पाहिजे तितक्या वेळा खेळाला या."

त्यानं त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. "कशापायी?"

"तुम्ही तीनदा आलात म्हणून."

"आता न्हाई येणार. काम झालं माझं."

"कसलं काम?" माझा आवाज चढला. "कुणी पाठवलं होतं तुम्हाला?"

"तुमीच की," तो म्हणाला.

"मी कधी पाठवलं?"

"बदनापुरात गाडीत बसून तुमीच वरडले ना, मेलेली माणसं बघा म्हून? मंग आत बी बोलले, ज्याचं कुणी गेलं आसंल त्यानं नीट बघा, वळखीचं दिसंल. म्हून मी नीट बघून राह्यलो."

मग त्यानं सांगितलं. त्याची बायको दोन वर्षांमागं साथीत गेली. कळप शहागडच्या बाजूला असतानाच गेली आणि तिकडेच तिला मातीत ठेवावं लागलं. "तिचं तोंड ध्यानात येईना झालंय, मास्तर. डोळे मिटले तरी येईना. चालणं येतं. मेंढरू बी मी चालीवरूनच वळखतो, तोंडं तर समद्यांची सारखीच. म्हनलं, पदर आसू दे, आपुन पायाकडं बघू. पहिल्या दिशी न्हाई गावली. म्हनलं, गर्दी लई हाय, नजर चुकली आसंल. दुसऱ्या दिशी तुमाला इचारलं, तर..." ते वाक्य त्यानं तसंच सोडलं.

आणि तो पुढच्या दिवसावर गेला.

"तिसऱ्या दिशी मोजल्या. सहाच. येकीचा पाय आत पडतो, येक टाच घासती, येक दमलेली हाय. त्याच त्या फिरून फिरून येत्यात."

"बाबा, फसवलं तुम्हाला आम्ही. वाईट वाटलं असेल."

"न्हाई वो!" तो पहिल्यांदा मोकळं बोलला. "बरं वाटलं. दोन राती झोप न्हवती. वाटायचं, ती म्होरून चाललीय अन् मलाच वळखू येईना. काय म्हनली आसंल ती? सहाच हैत म्हनल्यावर जीव खाली पडला. आमच्या येका वस्तीतल्याच त्या साली सहाच्या वर बाया गेल्या. म्हंजे ते ठिकाण ते न्हाईच. ती तितं न्हाईच."

ज्या खेळानं मला इतकं निराश केलं होतं तो खोटा निघाला म्हणून हा माणूस सुटकेचा निःश्वास टाकत होता. मी परवाच्या बोलण्याबद्दल माफी मागायला लागलो. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि ते माफ केल्यासारखं नव्हतं, विषय बंद केल्यासारखं होतं.

मग मी विचारलं, "कशा चालायच्या हो तुमच्या घरच्या?"

त्यानं काठी खाली ठेवली आणि तो उठला. उजवा हात कमरेवर घेतला, तिथे कोकरू धरल्यासारखा. डावा खांदा थोडा उचलला. पाऊल लहान पण झपाझप, आणि दर तीन-चार पावलांवर मान मागे, कळप येतोय का बघायला. दाढीचे खुंट वाढलेला, मुंडासं बांधलेला म्हातारा तो. पण मी कधीही न पाहिलेली बाई त्या नांगरटीतून आठ-दहा पावलं चालत गेली आणि मला ती स्पष्ट दिसली.

तो वळला, तेव्हा मी भारावून विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

बिराजी जागच्या जागी थांबला. त्यानं काठी उचलली, माझ्याकडे नीट बघितलं. पडद्याच्या तळाकडे तीन दिवस बघत होता तसंच.

"नाव न्हाई सांगत," तो म्हणाला. "उद्या खेळात सांगाल."

मी "छे, छे, भलतंच काय!" म्हणालो आणि उठलो. पण तो तिची चाल चालायला लागल्यापासूनच माझ्या मनात पाचव्या रिळाची नवी वाक्यं जुळत होती. त्यांत कमरेवर कोकरू घेतलेली एक बाई होती, दर तीन-चार पावलांना ती मागे वळून बघत होती, आणि तिला नावानं हाक मारण्यापुरती एक जागा मी रिकामी ठेवली होती.